अण्णांचा विझणारा पाईप

पिंपळी, ता. बारामती
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सरदारचाचा यांस,
सप्रेम जय भीम. चाचींना सलाम.

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. अण्णांना निवृत्तीची भेट म्हणून साहेबांनी पाईप दिला, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. अण्णांनी मला तसं सांगितलं आणि मी तसंच लिहिलं. परवा डेअरीत आपले मॅनेजर रणजित साहेब माझ्या लॅबमध्ये आले होते, म्हणून मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "अगं, मी कुठं दिला? डेअरीनं तुझ्या वडिलांना घड्याळ दिलं. पाईप माझ्या केबिनमध्ये नुसता शोभेला होता. कचरू गेल्या महिन्यात मुद्दाम आला आणि मागून घेऊन गेला."

म्हणजे निवृत्त झाल्यावर, मागाहून, चालत जाऊन. तुम्ही अण्णांबरोबर इतकी वर्षं एकाच शिफ्टला डेअरीच्या बॉयलरवर काढलीत. त्यांनी कधी विडीला हात लावलेला तुम्ही पाहिलात का? मी तरी नाही. मग वयाच्या साठीला पाईप मागून का आणायचा, आणि मागून आणला तर भेट मिळाला असं मला का सांगायचं? तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा. पण जपून लिहा. आलेलं पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवायचं, हा मी तिसरीत असल्यापासूनचा आमचा करार आहे. घरात वाचता येणारी मी पहिली. अण्णा तेव्हा म्हणाले होते, "कागदात हाय ते समदं वाच. कडू असलं तरी वाच. वगळलंस तर मग मला तुझ्या शाळंचा काय उपेग?"

आता त्यांचा मजकूर. शब्द त्यांचेच आहेत:

"सरदारभाई, जय भीम. पाईप पेटून ऱ्हात न्हाय. चार झुरकं घेतलं की खलास. आपल्या बॉयलरची आग मी एकदाबी पडू दिली न्हाय, आन् हे एवढंसं बोंडूक मला दाद देत न्हाय. काय करू ते लिव्ह. बाकी मी लई मजेत हाय. येळ कसा जातो कळत न्हाय."

शेवटचं वाक्य त्यांनी मला दोनदा लिहायला सांगितलं. मी एकदाच लिहिलं आहे, पण दोनदा सांगितलं होतं हे तुम्हाला माहीत असावं.

ते पाईपात खाण्याचा तंबाखू चुरून भरतात. शेजारून भागूआत्या भिंतीवरून डोकावते आणि ओरडते, "कचऱ्या, सायेब झाला व्हय रं? आता कोट शिव, आन् म्हशीला इंग्लिश शिकीव!" अण्णा हसतात. मला हसू येत नाही. ते बसतात तिथून कडब्याची गंज हाकेवर आहे. मी पाण्याची बादली भरून ठेवते.

हे पत्र नेहमीसारखं इंदापूरला जाणाऱ्या मुजम्मिलदादांच्या टँकरबरोबर पाठवते. दुधाचं सँपल घेताना त्यांच्या हातात देईन.

तुमची,
करुणा


इंदापूर
८ ऑक्टोबर

चि. करुणास अनेक दुआ.

मुजम्मिलनं पत्र दुकानात आणून दिलं. फोन केलास तरी मला आता ऐकू येत नाही, आणि चाची फोनवर माझ्या वतीनं भलतंच बोलते. तेव्हा पत्र बरं.

कचरू, आता हे तुझ्यासाठी. खाण्याचा तंबाखू पाईपात भरणारा माणूस मी आमच्या तंबाखूच्या दुकानात बसून आजवर ऐकला नव्हता. जिभेला फोड आला नसेल तर तो येईल. कालव्याच्या कामावर एक इंजिनिअर होते, ते आमच्या दुकानातून पाईपाचा तंबाखू मागवायचे. त्यांच्याकडून मी शिकलो आणि काही वर्षं ओढलाही. नंतर डॉक्टरनं छातीला यंत्र लावून पाहिलं आणि मी सोडला. मुजम्मिलबरोबर एक पाकीट पाठवतो आहे. तू भरतोस कसा, ओढतोस कसा, राखेचं काय करतोस, हे सगळं सविस्तर लिहून कळव. यंत्र न बघता बिघाड सांगणारा फिटर मी नव्हे.

करुणा, तू विचारलेल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला काही माहीत नाही.

तुझा,
सरदारचाचा


पिंपळी
१४ ऑक्टोबर

आदरणीय चाचा,
सप्रेम जय भीम.

"जपून लिहा" असं मी कळवलं होतं. तुम्ही "दुसरी गोष्ट" लिहिलंत. मी ते वाचलं. अण्णा लगेच म्हणाले, "दुसरी गोष्ट कंची?" मी म्हणाले, माझं काहीतरी होतं. हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि काडेपेटी उचलली.

पाकीट मिळालं. मी स्वतःच्या हातानं वडिलांना तंबाखू नेऊन दिला, हे मला अजून पचलेलं नाही. पाकीट यायच्या आधीच, गेल्या पौर्णिमेला विहारात नशा न करण्याचं पाचवं शील म्हणताना मी अडखळले होते. घरी येताना मी अण्णांना विचारलं, यात तंबाखू येतो का. ते म्हणाले, "त्ये दारूचं हाय. धुराचं न्हाय." मग थोडं पुढं जाऊन म्हणाले, "तरी तू नीट म्हण. माझ्या वाटचंबी म्हण."

तुम्ही विचारलेलं सगळं मी शेजारी बसून पाहिलं आहे.

तुमचा तंबाखू त्यांनी आधी पत्र्यावर उन्हात घातला. जळण कोरडं पाहिजे, म्हणाले. तो हातात घेतला तर भुगा होतो. तो अंगठ्यानं दाबून गच्च भरतात. काडी लावली की ओढायला लागतात ते थांबतच नाहीत. गाल आत जातात, मानेच्या शिरा ताणतात. मी म्हटलं, जरा दम घ्या. तर म्हणाले, "दम घेतला की आग पडती." थोडी राख धरली की लगेच काडीनं खरवडून झटकून टाकतात, कारण राख साचली की हवा कोंडते. मग पाईप विझतो. मग पहिल्यापासून. जिभेला फोड आला आहे, तुम्ही म्हणालात तसा. आणि खोकला.

अण्णांचा मजकूर: "सरदारभाई, बिघाड सांग. पाकिटाबद्दल आभार. मी लई रमलोय. आता मला दुसरं कायबी लागत न्हाय, असं लिव्ह."

"असं लिव्ह" हेही मी लिहिलं आहे, कारण ते म्हणाले.

करुणा


इंदापूर
१७ ऑक्टोबर

चि. करुणास दुआ.

कचरू, तुझा बिघाड सापडला. तू बॉयलर चालवतो आहेस.

बॉयलरची राख काढली नाही तर आग मरते. पाईपाची राख काढली तर आग मरते. ती वरची राख म्हणजे पांघरूण आहे. ती झटकायची नाही, खिळ्याच्या माथ्यानं हलकी बसवायची. तंबाखू वाळवायचा नाही. बोटाला जरा ओलसर लागला पाहिजे. भरताना पहिली चिमूट लहान पोरानं भरावी तशी सैल, वरची थोडी घट्ट. पहिली काडी लावली की वरचा थर फुलून येतो आणि विझतो. विझू द्यावा. थोडा दाबून दुसरी काडी लावावी. ओढायचं म्हणजे कढत चहाचा घोट घेतो तसं. पाईप तळहाताला चटका देऊ लागला तर समजायचं, आपण घाई केली. मग खाली ठेवून द्यायचा.

आणि ऐक. विझला तर विझला. ओढणाऱ्या सगळ्यांचाच विझतो. त्या इंजिनिअर साहेबांचा बोलता बोलता विझायचा, ते पुन्हा काडी लावायचे, त्यात त्यांना लाज नव्हती. तू आणि मी आग पडू दिली असती तर इकडं तापलेलं दूध तिकडं नासलं असतं, म्हणून आपल्याला ती सवय. पाईप विझला म्हणून कुणाचं दूध नासत नाही.

एक गोष्ट मात्र दोस्त म्हणून नाही, भाऊ म्हणून सांगतो. धूर छातीत न्यायचा नसतो, तोंडातच फिरवून सोडायचा असतो. खोकला येतो म्हणजे तू गिळतो आहेस. थांबत नसेल तर हे सगळं बंद कर. दुसरं पाकीट मी पाठवणार नाही.

चाचीनं दिवाळीचा फराळ मागितला आहे. चकली तिखट हवी म्हणते.

सरदारचाचा


पिंपळी
रविवार, २ नोव्हेंबर

आदरणीय चाचा,

आज अण्णांचा मजकूर नाही. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे, आणि असं पत्र मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

तुमच्या सांगण्याप्रमाणे पाईप आता बराच वेळ पेटून राहतो. दिवाळीत तर भागूआत्यासुद्धा म्हणाली, "आज धुराडं झ्याक चाललंय." पण खोकला थांबला नाही. आणि गुरुवारी अण्णा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून, बाजाराला जातो म्हणून निघाले. दिवेलागणीला परत आले, तेव्हा हातात भाजी नव्हती. पिशवी घडी घातलेली तशीच. खिशात खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी होती. भागूआत्यानं त्यांना सडकेला दुधाच्या टँकरमधून उतरताना पाहिलं. मी शुक्रवारी मुजम्मिलदादांना विचारलं, तर त्यांनी कानाला हात लावला. "ताई, मला काय विचारू नका. काकांनी कसम घातलीया."

टँकर तर इंदापूरलाच जातो. चाचा, ते तिथं दवाखान्यात आले होते का? छातीचा फोटो काढला का? डॉक्टर काय म्हणाले? तुम्ही बरोबर होता का? जे असेल ते लिहा. मी पत्र आधी एकटी वाचीन.

आता मी लपवलेली गोष्ट. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत नेमणूक मिळाली. पक्की नोकरी. डेअरीतलं माझं काम कंत्राटी आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी अण्णांना सांगितलं नाही. आलेला कागद वाचून दाखवायचा असा करार आहे. हे मोबाईलवर आलं होतं, कागद नव्हता, म्हणून करार लागू होत नाही, असं मी स्वतःला समजावलं. हे बरोबर नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

पण निवृत्त झाल्यापासून अण्णा ओसरीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. तास न् तास. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच. त्यांना भिंतीपुढे सोडून मी नागपूरला कशी जाऊ? म्हणून हजर होण्याची मुदत वाढवून घेतली. मग पाईप आला, तेव्हा एकदा वाटलं, चला, मन रमलं, आता सांगावं. तेवढ्यात हा खोकला. आता तर साठीच्या नवशिक्या ओढणाऱ्याला काडेपेटी, कडबा आणि छातीचं दुखणं यांच्याबरोबर एकटं ठेवणं शक्य नाही.

येत्या १० तारखेला मी नागपूरला नकार कळवणार आहे. तुमचं उत्तर त्याआधी आलं तर बरं होईल.

करुणा


इंदापूर
४ नोव्हेंबर

चि. करुणास दुआ.

कचरूला काहीही झालेलं नाही. हे आधी लिहितो, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील. तो दवाखान्यात गेला नव्हता, माझ्या दुकानात आला होता. गोळ्या चाचीनं दिल्या.

इथून खालचं त्याला वाचून दाखवू नकोस. मी त्याला शब्द दिला आहे.

गुरुवारी टँकरमधून उतरला तो थेट गादीवर येऊन बसला. पाईप खिशातून काढून पुढ्यात ठेवला आणि माझ्या कानात म्हणाला, "सरदारभाई, धूर न वडता पेटल्याला दिसंल, असं कायतरी सांग." मी म्हटलं, असं काही नसतं. तर म्हणाला, "मग मी मेलो. मला त्याच्या वासानंच मळमळतंय."

मी म्हटलं, "अरे मग ओढतोस कशाला? तुला कोण बंदूक लावतंय?"

तेव्हा त्यानं सांगितलं. तुझ्याबरोबर लॅबमध्ये काम करते ती दिशा त्याला सप्टेंबरात सडकेला भेटली होती. म्हणाली, काका, पेढे कधी? करुणाला नागपूरला नोकरी लागली की! त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो, तुझ्याकडूनच शिकलो:

"पोरीनं मला सांगितलं न्हाय. मी समजलो. म्हातारा नुसता बसून ऱ्हातोय, म्हणून ती जात न्हाय. म्हनलं, मला कायतरी नाद लागल्याला दिसला पायजे. रणजित सायबाच्या केबिनीत पाईप बघितला व्हता. पाईप वडणारा माणूस कसा निवांत दिसतो, न्हाय का? तिला वाटंल, अण्णाचं झ्याक चाललंय, आन् जाईल. पर ती बादली घिऊन माझ्या शेजारीच बसती!"

भेट मिळाला असं का सांगितलं, तेही विचारलं. म्हणाला, मागून आणला म्हटलं असतं तर तू 'का' विचारलं असतंस. भेटीला कुणी 'का' विचारत नाही.

हे सगळं तो माझ्या कानात सांगत होता. माझा कान तुला माहीत आहे. एकेक वाक्य त्याला तीनदा ओरडावं लागलं. समोरचा सलूनवाला दाढी अर्धी ठेवून ऐकायला आला. आता साऱ्या इंदापूर स्टँडला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त तुला.

मला आधी कळलं असतं तर मी ते पाकीट पाठवलं नसतं. उरलेला तंबाखू परत पाठव. आणि १० तारखेला काही कळवायच्या आधी विचार कर.

सरदारचाचा


पिंपळी
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आदरणीय चाचा आणि चाची,
सप्रेम जय भीम, सलाम.

तुमचं पत्र बुधवारी टँकरबरोबर आलं. ठरल्याप्रमाणे मी आधी एकटीनं वाचलं, लॅबच्या मागं उभी राहून. पहिलं वाक्य वाचलं आणि खाली बसले. दिशा पळत आली, तिला वाटलं मला चक्कर आली. चक्कर नव्हती. गुरुवारपासून धरून ठेवलेला श्वास सुटला होता, इतकंच.

मग पुढचं वाचलं. दिशावर मी रागावले नाही. तिनं चहा आणून दिला.

संध्याकाळी घरी आले. अण्णा पाईप घेऊन ओसरीवर बसले होते. माझ्या हातातला कागद बघून म्हणाले, "सरदारभाईचं आलं व्हय? वाच."

मी वाचू लागले. "कचरूला काहीही झालेलं नाही" वाचलं. गोळ्यांचं वाचलं. मग "इथून खालचं त्याला वाचून दाखवू नकोस" हे आलं. चाचा, मी तेही वाचलं. तोंडातून गेलंच.

अण्णा म्हणाले, "मग?"

मी म्हटलं, "चाचांनी नको म्हणून लिहिलंय."

"ते तू वाचलंस न्हवं? मग आता खालचं ऱ्हाऊ दिलंस, तर करार मोडला."

"त्यांनी तुम्हाला शब्द दिलाय, अण्णा."

"शब्द त्यानं दिलाय. तू कुठं दिलायस? वाच."

मी वाचलं. मळमळ वाचली, बादली वाचली, सलूनवाला वाचला. अण्णांनी मान वर केली नाही. पाईप त्यांच्या हातात होता. धुराची रेघ बारीक होत गेली आणि विझली. काडेपेटी शेजारीच होती, त्यांनी तिला हात लावला नाही.

मग पाईप खाली ठेवून म्हणाले, "सरदाऱ्याला बहिरा कोण म्हणतंय? समदं ऐकलंय की लेकानं!" आणि हसायला लागले. मीही हसले, आणि मधेच रडले. भागूआत्या भिंतीवरून म्हणाली, "काय झालं गं? धुराडं फुटलं का काय?"

मग मी मोबाईल काढला आणि नेमणुकीचं पत्र वाचून दाखवलं. सगळं. क्रमांक, विषय, अटी, आणि शेवटची ओळसुद्धा, की हे संगणकावर काढलेलं असल्यानं यावर सहीची गरज नाही. अण्णा घाबरले. "सही न्हाय? मग खरं हाय न्हवं?" खरं आहे, असं सांगितल्यावर म्हणाले, "दोन महिनं दाबून ठिवलंस. मीबी ठिवलं. फिट्टंफाट."

मी विचारलं, "मग तुम्ही दिवसभर त्या भिंतीकडं का बघत बसायचात?"

ते म्हणाले, "एकतीस वरीस भट्टीच्या तोंडाकडं बघितलं गं. डोळं भाजून निघाल्यात. आता थंड भिताड बघाया बरं वाटतंय. तुला त्याचंबी भ्या वाटलं व्हय?"

चाचा, मी या भिंतीपायी नागपूरला नकार देणार होते.

अजून माझ्या शंका होत्याच. म्हशीची धार कोण काढणार, रात्री खोकला आला तर कोण उठणार, मी नसताना तुमची पत्रं कोण वाचणार. धारेचं नाव काढताच भागूआत्या भिंतीपलीकडून म्हणाली, "तू जन्मायच्या आदी म्हस काय आपली आपण पिळून घेत व्हती?" भाकरीही तीच थापणार आहे, पण पाईप दिसला तर चुलीत घालीन, म्हणाली. तुमचं पत्र आलं की मुजम्मिलदादा फोन लावून मला वाचून दाखवतील आणि मी फोनवरून अण्णांना. त्यांना मी करार समजावून सांगितला आहे. वगळायचं नाही. कसम घातलेली असली तरी.

पाईप पुसून काल रणजित साहेबांना परत केला. त्यांनी तो केबिनमध्ये पुन्हा शोभेला ठेवला. उरलेला तंबाखू या पत्राबरोबर पाठवते आहे. तो भुगा आहे, तेव्हा दुकानात कुणाला विकू नका. चकल्या चाचींसाठी, तिखट.

खोकला काल आणि आज नाही. दोनच दिवसांवरून काही सांगता येत नाही हे मला कळतं, तरी लिहिते.

अण्णांचा मजकूर: "सरदारभाई, पाईप इझला. इझू दे. हितं कुणाचं दूध नासतंय? पोरगी जाऊ दे, मग मी येतो. दुकानात बसू. मोठ्यानं बोलीन."

तुमची,
करुणा

ता. क. मागच्या पत्रात मी १० तारखेला नकार कळवणार असं लिहिलं होतं. ते चुकीचं आहे, दुरुस्त करून घ्यावं. होकार मी आजच कळवला. पुढच्या शनिवारी, १५ तारखेला, अण्णा मला दौंडला गाडीत बसवून देणार आहेत, आणि मी नागपूरला हजर होणार आहे सोमवारी, १७ नोव्हेंबरला.